कोल्हापूर सोडून मुंबईला जावं का? भाड्याचा हिशेब बसतोय, बाकीचं काही बसत नाही

रंकाळ्याकाठचा

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४१. कोल्हापुरात एका खाजगी वित्तकंपनीच्या शाखेत आहे. आता मुंबईच्या ऑफिसात, बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात), वरची जागा देऊ केली आहे. महिन्याभरात उत्तर द्यायचंय.

सध्या हातात ७२ हजार येतात. तिकडे १ लाख २५ हजार येतील. फरक ५३ हजारांचा. चेंबूरला दोन खोल्या-हॉल-किचनचं भाडं ६२ हजार सांगितलं. इथला फ्लॅट भाड्याने दिला तर ११ हजार येतील. म्हणजे ५३ अधिक ११, वजा ६२. दोन हजार शिल्लक. तोटा नाही एवढं नक्की. फ्लॅटचा हप्ता १४ हजार, तो इकडे राहिलो काय, तिकडे गेलो काय, भरायचाच आहे.

आता बाकीचं. इथलं घर कार्पेट ९२० चौरस फूट. ऑफिस दुचाकीवर नऊ मिनिटं. दुपारी घरी येऊन जेवतो, दहा मिनिटं आडवा होतो. आई ७१ वर्षांची, रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारते. मुलगी आठवीत, सायकलने शाळेत जाते.

गेल्या शनिवारी आईला घेऊन चेंबूरला तीन घरं बघितली. ६२ हजारवाल्या घराचं कार्पेट ४३० निघालं. मी मापाची टेप घेऊन गेलो होतो, दलाल हसायला लागला. छोटी बेडरूम साडेआठ बाय नऊ. त्यात आमचा पलंग ठेवला तर कपाटाचं दार वीतभर उघडतं. कपडे काढायचे तर पलंगावर चढून, हात आत घालून, अंदाजाने. आई काही बोलली नाही. खाली उतरल्यावर फक्त म्हणाली, "बाबा, हितं वाळवण कुठं घालायचं?"

इथे राहिलो तर याच पदावर निवृत्त होणार हे दिसतंय. गेलो तर वर जाण्याची वाट आहे. मुंबईत बाहेरून जाऊन राहिलेल्यांनी अनुभव सांगावेत. चेंबूर, ठाणे की त्याच्याही पुढे?

लोकलवाली

१९ वर्षं डोंबिवली ते कुर्ला करतेय, म्हणून लिहिते.

भाडं फक्त पैशांत मोजू नका. डोंबिवलीत तुमच्या ६२च्या जागी २०-२२ हजारांत चांगलं घर मिळेल, लिफ्टसकट. उरलेले ४० हजार तुम्ही दुसऱ्या चलनात भरता. सकाळी घरातून स्टेशनपर्यंत रिक्षाची रांग, मग फलाटावर डबा जिथे थांबतो ती नेमकी जागा पकडून उभं राहणं, मग गाडीत शिरणं. शिरणं हे वेगळं काम आहे, त्यात बसणं येत नाही. कुर्ल्याला उतरणं हे तिसरं काम. तिथून बीकेसीला शेअर रिक्षा, पुन्हा रांग. गाडीचा वेळ ४०-४५ मिनिटांचा असला तरी दारापासून दारापर्यंत पावणेदोन तास धरा. परतीचे वेगळे. जून २०२५मध्ये मुंब्र्याच्या वळणावर चालत्या लोकलमधून माणसं पडली, जीव गेले. त्या दिवशी मी मागच्या गाडीत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गाडी पकडली, कारण दुसरी नव्हती.

घाबरवत नाहीये. माझी डब्यातली मैत्रीणमंडळी सख्ख्या बहिणींहून जवळची आहेत. भाज्या निवडून होतात, हळदीकुंकू होतं, एकीच्या मुलीचं लग्नसुद्धा डब्यातच जुळलं. पण चाळिशीत पहिल्यांदा सुरू करणार असाल तर पहिलं वर्ष गुडघे आणि पाठ बोलतील.

टँकरच्या_प्रतीक्षेत

ठाण्याचं, घोडबंदर रोडचं मी सांगतो. ३८ हजार भाडं, ५८० कार्पेट, क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव. तलावात पाणी असतं. नळात टँकर आला तर असतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एप्रिल-मेमध्ये दुसरा विषय नसतो.

बीकेसीला जायला सकाळी सव्वा ते दोन तास. घोडबंदरवर अवजड वाहनांची रांग लागली की कितीही.

आणि हो, भाड्याच्या घराचं एक गणित पहिल्यांदा येणाऱ्याला माहीत नसतं. करार अकरा महिन्यांचा, त्यातही रजिस्टर करणं बंधनकारक. अनामत तीन-चार महिन्यांची, ती बिनव्याजी अडकते. दलालाला एक महिन्याचं भाडं. अकरा महिन्यांनी नूतनीकरण, तेव्हा दहा टक्के वाढ मागतात आणि काही दलाल पुन्हा हात पसरतात. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की तुम्ही बाहेर. सात वर्षांत चौथं घर आहे माझं. मुलाची शाळा तीच ठेवायची म्हणून प्रत्येक वेळी त्याच दोन किलोमीटरात शोधायचं, आणि दलालाला ते कळलं की झालंच.

तांबडा_पांढरा

भावा, ९२० कार्पेट, नऊ मिनिटांवर हापिस, दुपारचं घरचं जेवण, वर झोप. हे सोडून जायचा इचार डोक्यात आलाच कसा? मुंबईतली लोकं निवृत्तीनंतर जे करायला गावाकडं येत्यात ते तू चाळिशीत करतोयस.

हिशेबनीस

तांबडा_पांढरा, भावना पोचल्या. पण पद आणि पगार दुपारच्या झोपेत मिळत नाही.

मूळ धागाकर्त्यांसाठी दोन गोष्टी. एक, घरभाडे भत्त्याची सूट जुन्या करप्रणालीतच आहे. मुंबईसाठी मूळ पगाराच्या ५० टक्के, किंवा भाडं वजा मूळ पगाराचे १० टक्के, किंवा प्रत्यक्ष मिळणारा भत्ता, यातलं जे कमी ते. कोल्हापूरला ५०च्या जागी ४० टक्के. नव्या प्रणालीत ही सूट शून्य. तुमचा गृहकर्जाचा हप्ताही चालू आहे, त्यामुळे ६२ हजार भाडं देणार असाल तर दोन्ही प्रणालींनी कर काढून बघा. हातात येणारे १ लाख २५ हा आकडा कंपनीने कुठल्या प्रणालीने काढलाय ते विचारलंत का?

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. तुमची बेरीज-वजाबाकी मी तीनदा वाचली. त्यात तुम्ही आहात, आई आहेत, मुलगी आहे, कपाट आहे. वहिनी कुठे आहेत? त्या काही करतात की नाही?

लोकलवाली

+१. मी हेच विचारणार होते. पलंगाचं माप आहे, बायकोचा उल्लेख नाही.

रंकाळ्याकाठचा

अरे हो, राहून गेलं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका आहे. १७ वर्षं नोकरी झाली. ६८ हजार हातात येतात. तिला मुंबईत बदली मिळेल असं मी गृहीत धरलं होतं, म्हणून तिचा पगार दोन्हीकडे सारखाच, म्हणून लिहिला नाही.

हिशेबनीस

राहून गेलं? घरात येणारे जवळजवळ निम्मे पैसे राहून गेले.

आज तुमच्याकडे ७२ अधिक ६८ वजा हप्ता १४, म्हणजे १ लाख २६ हजार उरतात. वहिनींना नोकरी सोडावी लागली तर मुंबईत १२५ अधिक ११ वजा ६२ वजा १४, म्हणजे ६० हजार. दोन हजार शिल्लक नव्हे, दरमहा ६६ हजारांचा खड्डा. पदोन्नती म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

खडू_डस्टर

जि.प. शिक्षिका आहे, आंतरजिल्हा बदलीने साताऱ्याहून ठाणे जिल्ह्यात आले. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचं गृहीतक मुळातच चुकलंय.

मुंबईत जिल्हा परिषदच नाही. तिथे महापालिकेच्या शाळा, त्यांची आस्थापना वेगळी. वहिनींना मिळाली तर बदली ठाणे किंवा पालघर जि.प.ला मिळेल. ठाणे जि.प. म्हणजे ठाणे शहर नव्हे. शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ हे पाच तालुके. आणि नव्याने येणाऱ्याला कल्याण स्टेशनशेजारची शाळा कोणी देत नाही. मला मुरबाडच्या आतली मिळाली. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटी, तिथून पुढे जीप, पावसाळ्यात जीप न मिळाल्यास पाय. अवघड क्षेत्र म्हणतात ते हेच.

दुसरं. आंतरजिल्हा बदलीत आधीची सेवाज्येष्ठता जाते. नव्या जिल्ह्यात तुम्ही सगळ्यांत खाली. पगार तोच राहतो, पण मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभं राहायचं. १७ वर्षांची, त्यातही पहिली तीन शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढलेली माणसं हे सहजी सोडत नाहीत. तिसरं, बदल्या अर्जाचं ऑनलाइन पोर्टल उघडेल तेव्हा, जागा असतील तेवढ्या. माझा नवरा खाजगीत असल्याने पती-पत्नी एकत्रीकरणाचं प्राधान्य मला मिळालं नव्हतं. मला चार वर्षं लागली. तुमची कंपनी महिनाभर थांबणारेय.

आता नकाशा काढा. तुम्ही बीकेसीला, त्या शहापूर किंवा मुरबाडला. घर चेंबूरला घेऊन काय करणार? दोघांना जमेल असं एकच ठिकाण उरतं, कल्याण किंवा त्याच्या आसपास. तुमचा प्रश्न चेंबूर की ठाणे हा नव्हताच.

बदलापूरकर

खडू_डस्टर ताईंनी आमच्या दारापर्यंत आणून सोडलंच आहे, तर बोलतो.

बदलापुरात ११-१२ हजारांत दोन बेडरूम मिळतात. नवीन इमारती, समोर डोंगर, पावसाळ्यात धुकं. सीएसएमटी ६८ किलोमीटर. मी २०११पासून आहे. सकाळी घरातून निघतो तेव्हा धाकटा झोपलेला असतो, परततो तेव्हा झोपायला आलेला असतो. तो चार वर्षांचा असताना एका रविवारी बायकोला म्हणाला, "आई, बाबा आज कसे काय आले?"

उल्हास नदीचंही सांगतो. २७ जुलै २०१९ला तुमचीच महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी. एनडीआरएफ, नौदल, सगळे आले. गावातली मंडळी पाणी, बिस्किटं घेऊन गेली होती, मीही गेलो होतो. गाडीतून काढलेल्या एका आजी म्हणत होत्या, कोल्हापुरात गेले की सुटले. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच कोल्हापूर पाण्याखाली. त्या आजींची आठवण मला नंतर कित्येक दिवस येत होती.

मुठेकाठचा

एवढा खल कशाला? पुण्यात बदली मागा.

टँकरच्या_प्रतीक्षेत

या, या. टँकरवाल्यांचे काही दर ठरलेत का तुमच्याकडे? वाकडला माझा मेव्हणा राहतो, आमचे दोघांचे फोटो एकसारखे असतात. फक्त टँकरचा रंग वेगळा.

मुठेकाठचा

पेठेत या, मग बोलू.

टँकरच्या_प्रतीक्षेत

पेठेत घर घेण्याएवढे पैसे असते तर मी घोडबंदरला राहिलो असतो का?

इसारकाठचा

म्युनिकहून. विषयांतर आहे, पण अनामतीवरून आठवलं. इथे कायद्याने अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ऐकून आनंद झाला होता. मग घराचा ताबा घेतला तर स्वयंपाकघरात चार भिंती आणि भिंतीतून आलेला एक नळ. ओटा, सिंक, शेगडी, सगळं आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेला होता. इथे तशीच पद्धत आहे. पहिला महिना बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासली.

अर्धा_कटिंग

एवढे लोक मुंबईविरुद्ध बोलतायत, तर एकाने बाजू घ्यायला हवी.

मी लातूरचा. १२ वर्षं घाटकोपरला, ३८० कार्पेटमध्ये चौघं. होय, चौघं. हॉलमध्येच माझी झोप, मुलाचा अभ्यास, आणि पाहुणे आले तर तेही तिथेच. लातूरला वडिलांचं घर रिकामं आहे, अंगणात आंबा आहे. तरी मी जात नाही.

का ते सांगतो. लातूरला बायकोला तिच्या कामाचं काहीच नव्हतं, ती कापड डिझाइन करते. इथे तिची स्वतःची चार गिऱ्हाइकं आहेत, रात्री साडेदहाला ती एकटी मेट्रोने घरी येते आणि मी काळजी करत बसत नाही. वडिलांना हृदयाचा त्रास झाला तेव्हा अर्ध्या तासात योग्य डॉक्टरसमोर होतो. २०१६ला पाण्याची रेल्वे मिरजेहून लातूरला जायची, आठवतंय ना? आईवडील त्या रांगेत उभे होते, मी इथे नळ सोडून दाढी करत होतो. तेव्हापासून अंगणातल्या आंब्याचं मला फार कौतुक राहिलेलं नाही.

चांगलं जगणं म्हणजे चौरस फूट आणि दुपारची झोप एवढंच धरू नका. पण एक अट आहे. जो मुंबईत येतो त्याला इथे काहीतरी मिळायला हवं. ज्याला काही मिळणार नाही त्याला फक्त ३८० फूट मिळतात. तुमच्या घरात कोणाला काय मिळणारेय ते बघा.

तांबडा_पांढरा

लातूरचं मान्य. पण आमच्याकडे आता धरणातनं थेट पाइपलाइनचं पाणी हाय.

अर्धा_कटिंग

ती पाइपलाइन येईपर्यंत किती निवडणुका झाल्या तेही सांगा की.

तांबडा_पांढरा

त्यो विषय काढायचा नाही. आणि कोल्हापूर आता स्वस्त राहिलंय असंबी समजू नका. ऑगस्ट २०२५ला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासनं वकील लोकं खोल्या शोधत फिरत्यात. माझ्या गल्लीत ८ हजारची जागा आता साडेबारा सांगत्यात. रंकाळ्याकाठच्या भावा, तुझे ११ हजार कमी धरलेस.

रंकाळ्याकाठचा

(हा आयडी ह्यांचा आहे, लिहितेय मी, त्यांची बायको. त्यांना सांगूनच लिहितेय.)

काल रात्री ह्यांनी धागा वाचायला दिला. हिशेबात माझा पगार नव्हता हे मला इथेच कळलं. हिशेबनीस, तुमचे आभार. जेवताना तोच विषय झाला, आता त्यावर जास्त लिहीत नाही.

काही दुरुस्त्या.

रंकाळा, नऊ मिनिटं, दुपारची झोप हे सगळं खरं आहे, ह्यांचं. माझी शाळा पन्हाळा तालुक्यात आहे, घरापासून २४ किलोमीटर. स्कूटरवर जाते, पाऊण तास जायला, पाऊण यायला. जुलै-ऑगस्टमध्ये एक तास. रेनकोटच्या आत साडी भिजतेच, म्हणून शाळेच्या कपाटात एक कोरडी साडी ठेवलेली असते. दुपारी ह्यांच्यासाठी जे ताट झाकून ठेवलेलं असतं ते मी सकाळी साडेसहाला करते. चेंबूरला गेल्यावर घरातल्यांचे तास वाया जातील असं सगळे लिहितायत. आमच्या घरात एकाचे आत्ताही जातायत, फक्त कोणी मोजले नव्हते.

२०१९च्या पुराचंही सांगते, कारण 'शांत शहर' असं पुढे कोणी लिहील. पाणी आमच्या पार्किंगच्या वर आलं. सासूबाईंना तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून खाली आणलं आणि बोटीत घातलं. त्या वेळी खुर्चीचे चार पाय धरायला चार घरांतली चार माणसं होती, तीही न बोलावता. हे चेंबूरच्या घरात पहिल्या वर्षी मिळणार नाही, हे मलाही कळतं. सासूबाई येणार नाहीत म्हणतात ते वाळवणासाठी नाही, ह्या चार माणसांसाठी.

मला मुंबई नको असं मी कधी म्हटलेलं नाही. अर्धा_कटिंग यांनी लिहिलं ते वाचून उलट जावंसंच वाटलं. पण खडू_डस्टर ताई म्हणतात तसं, मला मिळणार मुरबाड. आत्ता माझी शाळा द्विशिक्षकी आहे. मी आणि एक सर. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. सर मे महिन्यात निवृत्त होतायत. मी वर्षाच्या मध्येच उठून गेले तर ३१ मुलांचं काय, हेही माझ्या हिशेबात आहे. ज्येष्ठता गेली तर जाऊ दे, पण मग ती जाऊन मला काय मिळतंय ते मला आधी कळायला हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ह्यांनी एकट्याने सहा महिने जाऊन बघावं. आम्ही तिघी इथेच. घर भाड्याने द्यायचं नाही, म्हणजे ११ हजारांचा प्रश्न मिटला. पोर्टल उघडलं की मी ठाणे भरून ठेवीन. मिळालं तर कल्याणला घर बघू, नाही मिळालं तर ह्यांनी ठरवावं.

खडू_डस्टर

ताई, ठाणे भरताना शाळांची यादी समोर घेऊन बसा. शहापूर तालुक्यातली आसनगावकडची मिळाली तर लोकल आहे, जगणं निम्मं सोपं. मुरबाड तालुका भरायचाच झाला तर कल्याण एसटीच्या थेट मार्गावरची गावं आधी. मी हे न करता गेले होते. आणि कोरडी साडी मीही ठेवते, दोन ठेवा.

लोकलवाली

ताई, तुमचा आयडी काढा हो. ह्यांचा नको.

हिशेबनीस

नवा हिशेब. १२५ अधिक ६८ वजा १४. त्यातून मुंबईत खोलीसाठी १६ आणि दर आठवड्याच्या ये-जासाठी ८ धरले तरी १ लाख ५५ उरतात. जेवणखर्च वेगळा. पैशांपुरतं बोलायचं तर आत्तापर्यंतच्या सगळ्या पर्यायांत हाच वरचढ आहे. शनिवार-रविवार गाडीत जातील ते या हिशेबात नाहीत. एवढ्या चर्चेनंतर ते मी मुद्दाम लिहितोय.

बदलापूरकर

आठवड्याची ये-जा करणार असाल तर महालक्ष्मी. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर दादर गाठायला वेळ मिळतो, शनिवारी सकाळी कोल्हापूर. रविवारी रात्री परत बसायचं, सोमवारी सकाळी मुंबईत. दोन वर्षं माझ्या साडूने केलंय. सोमवारी दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये बोलू नका, एवढंच पथ्य. डोळे मिटतात.

टँकरच्या_प्रतीक्षेत

एकट्यासाठी जागा बघताना पेइंग गेस्टवाले अनामत दोन महिन्यांची मागतात आणि सोडताना 'रंगकाम' म्हणून कापतात. आत शिरण्याआधी भिंतींचे फोटो काढा, तारखेसह मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. भाड्यात वीज आहे की नाही तेही लिहून घ्या.

रंकाळ्याकाठचा

पाच आठवड्यांनी. (आता मीच.)

होकार कळवला. कंपनीला लेखी विचारलं, सहा महिन्यांनी कोल्हापूर शाखेत जागा असेल तर परत येता येईल का. 'त्या वेळच्या गरजेनुसार' असं उत्तर आलं. म्हणजे काही नाही, पण कागदावर आहे.

कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये तिघांत एक खोली मिळाली, १४ हजार ५००. पहिल्या घराची टेप खिशातच होती, मोजली. दहा बाय बारा. इथल्या कपाटाचं दार पूर्ण उघडतं, कारण कपाटाला दारच नाही, पडदा आहे. ऑफिसला चालत ३५ मिनिटं, रिक्षाच्या रांगेपेक्षा बरं. दोघा जोडीदारांतला एक नांदेडचा, एक गोंदियाचा. गोंदियाचा रात्री भात करतो, मी आईने दिलेली चटणी काढतो. मुलीला रोज रात्री नऊला फोन. पहिल्या आठवड्यात ती वीस मिनिटं बोलायची, आता सात-आठ. बायको म्हणते परीक्षा आहे.

घरी एक बदल झालाय. दुपारचं ताट झाकायचं नसल्यामुळे ती आता सातला उठते.

महालक्ष्मीचं जरा समजावून सांगा. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं, त्याप्रमाणे पुढच्या महिन्याअखेरचे शुक्रवार काढून ठेवले, ते कन्फर्म आहेत. मधले तीन वेटिंगला मिळाले. या शुक्रवारचं वेटिंग २३ आहे. होईल का? तिने पोळ्यांचा घाट घालायचा की नाही ते विचारतेय.

बदलापूरकर

स्लीपर की थ्री टायर?

रंकाळ्याकाठचा

स्लीपर.

बदलापूरकर

सण जवळ नाही ना? मग होईल. वहिनींना पोळ्या करायला सांगा.

लोकलवाली

ताई सातला उठतायत तेवढं राहू द्या. पोळ्या ह्यांनीच लाटाव्यात शनिवारी.